स्वप्नांतील परस्परविरोधी प्रतीके

स्वप्नात एखाद्या आप्ताचा मृत्यू दिसला आणि माणूस भयभीत होऊन जागा झाला, तर घरातील वडीलधारी स्त्री त्याची समजूत घालते ती अशी, की भिऊ नये, ज्याचे मरण दिसले त्याचे आयुष्य वाढले. ही समजूत महाराष्ट्रात घरोघर आढळते, आणि थोड्याफार फरकाने ती इतर प्रांतांतही आहे. स्वप्नाचा अर्थ उलटा लावावा, हा तिचा गाभा. जागेपणीच्या भाषेतही आपण असेच वागतो. बांगडी फुटली असे म्हणावयाचे नसते, ती ‘वाढवली’ असे म्हणावयाचे. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावयाचे. जे अमंगल, ते मंगलाच्या वेषात उभे करावयाचे, म्हणजे त्याची नांगी मोडते, अशी या बोलण्यामागची श्रद्धा आहे.

मनुष्याचे मन निद्रेतही असाच व्यवहार करीत असेल काय? दिसते ते एक आणि सुचवावयाचे ते त्याच्या नेमके विरुद्ध, असे स्वप्नाचे काही व्याकरण असेल काय? हा प्रश्न फार जुना आहे. त्याला निरनिराळ्या काळी जी उत्तरे मिळाली, त्यांचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण त्यात भारतीय बुद्धीचा एक मोठा आणि बहुतांशी विस्मृतीत गेलेला वाटा आहे.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नावस्थेचे स्वरूप समजावून सांगतो. जेथे रथ नाहीत, घोडे नाहीत, मार्ग नाहीत, तेथे स्वप्न पाहणारा आपणच रथ, घोडे आणि मार्ग निर्माण करतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्याच संवादात पुढे दोन चित्रे शेजारी शेजारी येतात. एका चित्रात स्वप्न पाहणाऱ्याला कोणी मारीत आहे, हत्ती त्याचा पाठलाग करीत आहे, तो खड्ड्यात पडत आहे. दुसऱ्यात तो स्वतःला देवासारखा, राजासारखा समजत आहे. पाठलाग करणारा हत्ती आणि सिंहासनावरचा राजा, दोन्ही एकाच मनाने घडविलेले. जागेपणीचे जे भय, तेच अज्ञानामुळे स्वप्नात दिसते, असे ऋषीने म्हटले आहे. येथे स्वप्नाकडे शकुन म्हणून पाहिलेले नाही, मनाची निर्मिती म्हणून पाहिलेले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, भावी घटना सुचविणारे आणि दोषांच्या प्रकोपाने पडणारे. यांपैकी पहिली पाच वैद्याने निष्फळ समजावीत, असा निर्णय आहे. म्हणजे ‘प्रार्थित’, अर्थात इच्छेतून उपजलेले स्वप्न चरकाला माहीत होते. परंतु रोगनिदानाच्या दृष्टीने त्याने ते बाजूला ठेवले. ज्या पाच प्रकारांना त्याने निष्फळ म्हटले, त्यांतच आधुनिक मानसशास्त्राने आपले सारे भांडवल शोधले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हटला पाहिजे. आणखी एक सूक्ष्म नियम चरकाने दिला आहे. अशुभ स्वप्नामागोमाग शुभ स्वप्न पडले, तर फळ शुभ समजावे. दोन विरोधी प्रतिमा एकापुढे एक आल्या, तर त्या स्वतंत्र न धरता त्यांचा एकत्र विचार करावा, हे त्यातून सूचित होते.

पुढील काळातील स्वप्नाध्यायांत तर विरोधी प्रतीकांची कोष्टकेच तयार झाली. पांढरे ते सर्व शुभ, काळे ते सर्व अशुभ, असा ढोबळ नियम घालून दिल्यावर शास्त्रकारांना लगेच अपवाद सांगावे लागले. पांढरे शुभ खरे, परंतु कापूस, राख, हाडे आणि ताक वगळून; काळे अशुभ खरे, परंतु गाय, हत्ती, घोडा, ब्राह्मण आणि देव वगळून. हे अपवाद पाहिले म्हणजे ध्यानात येते, की रंगाला स्वतःचा असा अर्थ नाही. राख आणि हाडे पांढरी असली तरी ती स्मशानाची आठवण देतात. हत्ती काळा असला तरी तो लक्ष्मीचा सोबती आहे. प्रतीकाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ठरतो, हा सिद्धांत त्या श्लोककारांनी शब्दांत मांडला नसला, तरी व्यवहारात मान्य केलेला दिसतो.

ग्रीक जगात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस नावाचा एक स्वप्नपाठक होऊन गेला. त्याचा पाच भागांचा ग्रंथ आजही उपलब्ध आहे. स्वप्न सांगणाऱ्याचे नाव, धंदा, सांपत्तिक स्थिती आणि वय यांची चौकशी केल्याशिवाय अर्थ सांगू नये, असा त्याचा कटाक्ष असे. स्वप्नातील मृत्यूविषयी त्याने जे लिहिले आहे, ते आपल्या घरगुती समजुतीच्या अगदी जवळचे आहे. अविवाहिताने आपला मृत्यू पाहिला तर त्याचा विवाह होईल, कारण विवाह आणि मृत्यू या दोन्ही आयुष्याच्या परिणती मानल्या जातात. गुलामाने तोच मृत्यू पाहिला तर त्याला स्वातंत्र्य मिळेल, कारण मेलेल्याला धनी नसतो. येथे मृत्यू हा जीवनाच्या बाजूला उभा आहे. परंतु तो तेथे का उभा आहे, याचे कारण पाहणाऱ्याच्या परिस्थितीत आहे. उलटा अर्थ हा नियम नव्हे, ते त्या माणसाच्या जीवितातून निघणारे अनुमान आहे.

यानंतर जवळजवळ सतरा शतके हा विषय पंचांगे आणि शकुनग्रंथ यांच्या हवाली राहिला. तो शास्त्राच्या दालनात पुन्हा आणला व्हिएन्ना येथील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी. त्यांचा स्वप्नमीमांसेचा ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात बाहेर पडला. मुखपृष्ठावर मात्र १९०० हे वर्ष छापले होते. स्वप्नाला ‘नाही’ हा शब्द ठाऊक नाही, असे फ्रॉइड यांचे एक महत्त्वाचे निरीक्षण होते. जागेपणी आपण दोन विरुद्ध कल्पना ‘किंवा’, ‘परंतु’, ‘नव्हे’ अशा अव्ययांनी वेगळ्या ठेवतो. स्वप्नाजवळ चित्रे आहेत, अव्यये नाहीत. त्यामुळे दोन विरोधी कल्पना ते एकाच चित्रात कोंबते, किंवा एका कल्पनेच्या जागी तिच्या विरुद्ध कल्पनेचे चित्र ठेवते. एखादी प्रतिमा होकारार्थी घ्यावयाची की नकारार्थी, हे म्हणूनच प्रथमदर्शनी सांगता येत नाही.

याचे त्यांनी दिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एका स्त्रीने स्वप्नात पाहिले, की आपण हातात फुललेली फांदी घेऊन उंचावरून खाली उतरत आहोत. ती फांदी पाहून तिला मेरीकडे शुभवार्ता घेऊन येणाऱ्या देवदूताच्या हातातील शुभ्र लिलीची फुले आठवली. धार्मिक मिरवणुकीत पांढरी वस्त्रे लेऊन चालणाऱ्या कुमारिकाही आठवल्या. परंतु स्वप्नातील फुले होती तांबडी, आणि ती कॅमेलियाच्या फुलांसारखी दिसत होती. कॅमेलिया म्हटल्याबरोबर युरोपीय वाचकाला अलेक्झांडर ड्यूमा धाकटे यांच्या कादंबरीतील गणिका आठवणारच. एकच फांदी निष्कलंकपणाचीही खूण होती आणि त्याच्या विरुद्ध असलेल्या अपराधी भावनेचीही. त्या स्त्रीच्या मनात अभिमान आणि खंत दोन्ही एकत्र नांदत होती. स्वप्नाने त्यांपैकी एकीची निवड केली नाही, दोहोंना एकाच देठावर फुलविले.

या कल्पनेचे फ्रॉइड यांना इतके आकर्षण वाटले, की १९१० मध्ये त्यांनी कार्ल आबेल या भाषाभ्यासकाच्या १८८४ मधील एका पुस्तिकेवर स्वतंत्र लेख लिहिला. प्राचीन भाषांतील मूळ शब्दांना दोन विरुद्ध अर्थ असत, असे आबेल यांचे म्हणणे होते. लॅटिनमधील ‘आल्तुस’ म्हणजे उंचही आणि खोलही. ‘साकेर’ म्हणजे पवित्रही आणि शापितही. स्वप्नाची भाषा ही मानवाची आदिम भाषा आहे, याचा पुरावाच जणू हाती लागला. संस्कृतज्ञाला येथे ‘आरात्’ हे अव्यय आठवेल, जे दूर आणि जवळ या दोन्ही अर्थी येते. हिंदीतील ‘कल’ हा शब्द तर कालचा दिवसही दाखवितो आणि उद्याचाही.

पुरावा आकर्षक होता, पण तो टिकला नाही. १९५६ मध्ये फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेंव्हेनिस्त यांनी आबेल यांच्या व्युत्पत्ती तपासून त्या निराधार ठरविल्या. ‘आल्तुस’ या शब्दात विरोध नाहीच, असे त्यांनी दाखविले. विहिरीच्या तळापासून वर मोजा किंवा झाडाच्या बुंध्यापासून वर मोजा, रोमन मनुष्याच्या दृष्टीने ते एकच अंतर होते. ‘कल’ म्हणणाऱ्या हिंदी भाषिकाचाही भूत आणि भविष्य यांत घोटाळा होत नाही. आजपासून एका दिवसाचे अंतर एवढाच त्या शब्दाचा अर्थ, दिशा क्रियापद सांगते. सारांश, भाषेतील विरोध हा पुष्कळदा पाहणाऱ्याच्या जागेचा प्रश्न असतो. स्वप्नाविषयीचे निरीक्षण त्यामुळे खोटे ठरले नाही. त्याला दिलेला भाषेचा टेकू मात्र निघून गेला.

पाहणाऱ्याची जागा, हीच कल्पना या विषयाच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय एका भारतीयाकडे जाते. गिरींद्रशेखर बसू हे कलकत्त्याचे डॉक्टर. वडील दरभंगा संस्थानात दिवाण. बंधू राजशेखर हे ‘परशुराम’ या नावाने लिहिणारे बंगालीतील ख्यातनाम विनोदी लेखक आणि कोशकार. गिरींद्रशेखरांनी १९१० मध्ये वैद्यकाची पदवी घेतली, मनोविकारांवर संमोहनाचे प्रयोग केले, १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठातून मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविली आणि १९२१ मध्ये निरोधनाच्या कल्पनेवरील प्रबंधास डी. एस्सी. मिळविली. तो प्रबंध त्यांनी व्हिएन्नाला धाडला. इतक्या दूरच्या देशात आपल्या विद्येला असा अभ्यासक लाभावा, याचे फ्रॉइड यांना आश्चर्य आणि समाधान वाटले. १९२२ च्या जानेवारीत पारशीबागान लेनमधील बसूंच्या राहत्या घरी ‘भारतीय मनोविश्लेषण समिती’ स्थापन झाली. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘स्वप्न’ हा ग्रंथ लिहिला, तो इंग्रजीत नव्हे, बंगालीत.

बसूंचा सिद्धांत ‘विरुद्ध इच्छांचा सिद्धांत’ म्हणून ओळखला जातो. १९३३ मध्ये मनोव्यापाराची नवी उपपत्ती म्हणून त्यांनी तो विस्ताराने मांडला. त्याचा आशय थोडक्यात असा. कोणतीही इच्छा मनात एकटी जन्मास येत नाही. तिच्याबरोबर तिची विरुद्ध इच्छा जुळ्या बहिणीप्रमाणे जन्मते. ‘मी मारावे’ या इच्छेच्या पोटात ‘मला मारले जावे’ ही इच्छा असते. एक प्रकट होते, दुसरी अंधारात राहते. मार खाल्लेला मुलगा बाहुलीला मारतो. टोचून घेतलेले मूल घरी येऊन डॉक्टर होते आणि धाकट्या भावाला टोचू पाहते. जो अनुभव सोसावा लागला, तो दुसऱ्या टोकाकडून घेतल्याशिवाय मनाचा हिशेब पुरा होत नाही. सूडाची प्रेरणा आणि सहानुभूतीची प्रेरणा या दोहोंचे मूळ या उपपत्तीप्रमाणे एकच ठरते : समोरच्या माणसाच्या जागी आपण स्वतःला ठेवू शकतो.

स्वप्नाला ही दृष्टी लावली, की विरोधी प्रतीकांचे कोडे निराळ्या तऱ्हेने उलगडते. चोर पाठीस लागला आहे आणि आपण पळत आहोत, असे स्वप्न पडले तर पळणारा तेवढा आपण आणि चोर परका, असे समजण्याचे कारण उरत नाही. चोरही आपल्याच मनाचा. याज्ञवल्क्याचा हत्ती आणि याज्ञवल्क्याचा राजा येथे पुन्हा भेटतात. उपचारातही बसूंनी हीच युक्ती योजिली. रुग्णाने आपल्या कल्पनेतील भूमिका आलटून पालटून घ्याव्यात, मारणारा व्हावे आणि मार खाणाराही व्हावे, असे ते त्याला सांगत. मुलांच्या खेळातील खालीवर होणाऱ्या फळीप्रमाणे दोन इच्छा आळीपाळीने वर येत, आणि आंदोलने मंदावत जाऊन फळी स्थिर होई. या पद्धतीला त्यांनी त्या फळीचेच, ‘सी-सॉ’ असे नाव दिले. योगशास्त्रातील प्रतिपक्षभावनेची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि दोहोंत एक भेद आहे. योगी कुविचाराला हटविण्यासाठी त्याच्या विरुद्ध विचाराची भावना करतो. बसूंना कोणतीच बाजू हटवावयाची नव्हती, दोहोंची ओळख करून द्यावयाची होती.

येथेच व्हिएन्ना आणि कलकत्ता यांचा मतभेद झाला. पुरुषत्व गमावण्याचे भय हा फ्रॉइड यांच्या विचारसरणीचा एक आधारस्तंभ. बसूंनी १९२९ मध्ये त्यांना कळविले, की युरोपीय रुग्णांच्या बाबतीत त्या भयाचे महत्त्व आपण नाकारीत नाही. परंतु त्या धमकीत जोर येतो तो स्त्री होण्याच्या सुप्त इच्छेमुळे, आणि भारतीय रुग्णांत ती इच्छा अधिक सहज वर येते. भय हे इच्छेचे दुसरे तोंड आहे, हा त्यातील मुद्दा. फ्रॉइड यांनी भारतीय आणि युरोपीय रुग्णांतील फरकाची दखल घेतली, या प्रश्नाकडे लक्ष ठेवण्याचे आश्वासन दिले. पण शेवटपर्यंत सिद्धांत स्वीकारला नाही. विरुद्ध इच्छांची ही कल्पना मनाची आकृती दाखविते, मनाला हलविणारी शक्ती दाखवीत नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

आक्षेप वजनदार होता. एका इच्छेला तिची जुळी बहीण आहे एवढे म्हटल्याने, अमुक माणसात अमुक वेळी एकच का दडपली गेली, याचे उत्तर मिळत नाही. पण बसूंची बाजूही दुबळी नव्हती. हजारो मैलांवरच्या गुरूचे शास्त्र शिकावे, ते आपल्या रुग्णांवर पडताळून पाहावे आणि अनुभव जुळत नाही तेथे आदराने पण स्पष्टपणे तसे लिहावे, हे वसाहतीच्या त्या काळात सोपे नव्हते. ज्या संस्थेच्या सभासदांत इंग्रज लष्करी वैद्यही होते आणि ज्यांपैकी काहींनी हिंदू स्वभावाच्या वैगुण्यांवर निबंध लिहिले, त्या संस्थेच्या अध्यक्षाने भारतीय रुग्णाचे वेगळेपण हे वैगुण्य नसून मानवी मनाची दुसरी बाजू आहे, असे मांडले. त्याच्या सिद्धांतातील विरोध केवळ स्वप्नांतला नव्हता.

गुरुशिष्यांची भेट कधीच झाली नाही. फ्रॉइड यांना न पाहता कलकत्त्याच्या यतींद्रकुमार सेन या चित्रकाराने कल्पनेने त्यांचे चित्र काढले आणि बसूंनी ते व्हिएन्नाला पाठविले. ते पाहून आपण अगदी इंग्रज दिसतो, अशी फ्रॉइड यांनी थट्टा केली. १९३१ मध्ये फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीनिमित्त समितीने त्यांना शेषावर बसलेल्या विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट दिली. त्यांनी ती आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवली. काही दिवसांनी हस्तिदंताला तडे जाऊ लागले, तेव्हा कलकत्त्याच्या हवेला सरावलेल्या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय, अशी शंका त्यांनी दैनंदिनीत नोंदविली. सिद्धांताच्या नशिबीही तेच आले. १९३८ मध्ये फ्रॉइड नाझी राजवटीतून सुटून लंडनला गेले, तेव्हा त्यांचा पुराणवस्तुसंग्रहही पाठोपाठ गेला. पुढल्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या घराचे आता संग्रहालय झाले आहे.

याच १९३८ च्या आरंभी कलकत्त्यात विरोधी प्रतीकाचे एक उत्कृष्ट उदाहरण घडून आले. फ्रॉइड यांच्यापासून अलग झालेले स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवासाठी भारतात आले होते. जागेपणीच्या एकांगी वृत्तीची स्वप्न भरपाई करते, अशी त्यांची उपपत्ती होती. एका रुग्ण स्त्रीविषयी त्यांच्या मनात नकळत तुच्छता आली होती, तेव्हा स्वप्नात ती त्यांना उंच बुरुजावर बसलेली दिसली, इतकी उंच की तिच्याकडे मान मागे टाकून पाहावे लागले. जिच्याकडे खाली पाहिले तिच्याकडे स्वप्नाने वर पाहावयास लावले. भारतात देवळे, स्तूप आणि मूर्ती यांनी त्यांचे मन भरून गेले असता त्यांना आमांशाचा विकार जडला आणि दहा दिवस कलकत्त्याच्या रुग्णालयात काढावे लागले. तेथून बाहेर आल्यावर त्यांना स्वप्न पडले ते भारताचे नव्हे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचे एक बेट, तेथील मध्ययुगीन गढी, आणि ख्रिस्ती पुराणकथेतील पवित्र पात्र आणण्यासाठी थंड पाण्यातून एकट्याने पोहून जाण्याची वेळ! युंग यांनी याचा अर्थ असा घेतला, की भारत हे आपले मुक्कामाचे ठिकाण नाही, आपला प्रश्न आपल्याच भूमीत सोडविला पाहिजे.

पुढे प्रयोगशाळांनी या विषयाचा ताबा घेतला. बसू जून १९५३ मध्ये वारले. त्याच वर्षी शिकागो येथील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध प्रसिद्ध केला. १९७७ मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी स्वप्न म्हणजे मेंदूच्या बुडातून उठणाऱ्या संदेशांची वरच्या मेंदूने केलेली जुळवाजुळव होय, अशी उपपत्ती मांडली. कॅल्व्हिन हॉल यांच्यासारख्या संशोधकांनी हजारो स्वप्ने गोळा करून मोजणी केली, तेव्हा माणसाच्या जागेपणीच्या चिंता आणि नातीच बहुधा स्वप्नात पुढे चालू राहतात, असे आढळले. म्हणजे स्वप्न नेहमी उलटे असते, हे घरगुती सूत्र शास्त्र म्हणून टिकत नाही.

मग या साऱ्या इतिहासातून हाती काय लागते? उलटा अर्थ हा नियम म्हणून निरुपयोगी आहे. प्रश्न म्हणून मात्र तो अजूनही मोलाचा आहे. श्लोककारांना अपवाद सांगावे लागले, आर्टेमिडोरसला माणसाची चौकशी करावी लागली, फ्रॉइड यांना त्या स्त्रीच्या आठवणी विचाराव्या लागल्या. बसूंनी एक पाऊल पुढे टाकून त्या माणसाला पलीकडच्या टोकावर जाऊन बसावयास सांगितले. ज्याला भितो तो आपण झालो तर? ज्याचा द्वेष करतो त्याच्या डोळ्यांनी पाहिले तर? १९४० मध्ये बसूंच्या पुढाकाराने कलकत्त्यात लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभे राहिले. जगाला नकोशा झालेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची जी शिकवण त्यांच्या सिद्धांतात होती, तिचेच ते विटामातीचे रूप होते.

स्वप्नात मरण पाहून घाबरलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरविणारी आजी शास्त्र सांगत नाही. पण एका चित्राला दुसरी बाजू असू शकते, एवढे ती त्याला सांगते, आणि ते लेकरू पुन्हा झोपी जाते.